मेलला उत्तर नाही, बसथांब्यावर मात्र आहे

या वेळचं पत्र एका एकतीस वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं आहे. नाशिक भागातल्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे, तिथे त्या एचआरमध्ये काम करतात. कारखान्यात साधारण ४३० माणसं आहेत, त्यातल्या १७० जणांकडे कंपनीचा मेल आयडी आहे. रजेचे नियम, मेडिक्लेमचे फॉर्म, सुट्ट्यांची यादी, कर्मचारी सर्वेक्षण, सगळं मेलवरून कळवायचं काम यांच्याकडे. ‘कुणी उत्तरच देत नाही,’ असं त्या लिहितात. ‘आठ-दहा जण “नोटेड, मॅडम” एवढं टाकतात, बाकी शुकशुकाट. सर्वेक्षणासाठी तीन रिमाइंडर पाठवले, तेव्हा कुठे १९ जणांनी भरलं. आणि त्या एकोणीसही जणांनी सगळ्या प्रश्नांना “समाधानी” ठोकून दिलं.’

गेल्या महिन्यात पहिल्या पाळीची बस सहाऐवजी पावणेसहाला सुटणार, असा मेल त्यांनी सगळ्यांना धाडला. विषयओळ होती, ‘रिव्हिजन इन ट्रान्सपोर्ट टायमिंग्ज – फॉर युवर काइंड इन्फर्मेशन’. त्यावर मेंटेनन्सच्या एका ज्येष्ठ सुपरवायझरांनी ‘रिप्लाय ऑल’ करून एकच ओळ लिहिली : ‘वेळ कुठलीही ठेवा, आधी बस वेळेवर सोडा.’ सगळे त्यांना काका म्हणतात आणि त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. मग तासाभरात ४३ मेल. कुणी अंगठा दाखवला, कुणी आपल्या थांब्याचं गाऱ्हाणं मांडलं, कुणी ‘मला या मेलमधून काढा’ म्हणून विनवलं. प्लांट हेडनी बोलावून घेतलं. आता दोन हुकूम आहेत. यापुढे एचआरच्या प्रत्येक मेलला २४ तासांत पोच द्यायची, न देणाऱ्यांची यादी विभागप्रमुखांकडे जाणार. आणि काकांना मेमो. दोन्ही मसुदे या वाचक मैत्रिणीनेच करायचे आहेत. ‘मी नवीन होते तेव्हा याच काकांनी मला अख्खा शॉप फ्लोअर फिरवून दाखवला होता. पण खरं सांगते, मलाही त्यांचा राग आलाय. मर मर लिहायचं आणि लोकांनी ढुंकूनही बघायचं नाही, बघितलंच तर हे असं! मी काय करू?’

*

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी दोन आकडे कागदावर लिहून ठेवले. सर्वेक्षणाला १९, बसला ४३. सर्वेक्षणासाठी तुम्ही तीनदा आठवण केलीत. बसच्या मेलमध्ये कुणाला काही विचारलंच नव्हतं, तरी तासाभरात ४३. तेव्हा ‘कुणी उत्तरच देत नाही’ हे तुमचं वाक्य आपण जरा बाजूला ठेवू या. तुमच्याकडची माणसं उत्तर देतात. कुठे द्यायचं आणि कुठे तोंड मिटून बसायचं, हे त्यांनी कधीचं ठरवून टाकलेलं आहे. ते त्यांनी कशावरून ठरवलं, हे आधी बघायला हवं. मेमो आणि पोच नंतर.

त्याआधी तुमच्या रागाबद्दल दोन शब्द, कारण तो मला पटला. सगळ्यांना जाणारा एक मेल लिहायला किती वेळ जातो, हे तो लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मसुदा साहेबांकडे जातो, दोनदा परत येतो, प्रत्येक फेरीत त्यात एकेक ‘काइंडली’ वाढते. आणि शेवटी चपराक बसते ती ज्याच्या नावाने मेल गेला त्याला. बसची वेळ तुम्ही बदललेली नव्हती. ती बस पुरवणाऱ्या कंत्राटदाराशी बोलून कुणीतरी दुसऱ्याने बदलली असणार. तुम्ही फक्त निरोप्या होतात. एचआरमध्ये हे नेहमीचं आहे. दुसऱ्याचे निर्णय आपल्या सहीने जातात, आणि लोक सहीकडे बघतात. काकांनी तुम्हाला बोल लावलेला नाही, त्यांनी बसला लावला. त्यांचा मेल पुन्हा एकदा, थोडा वेळ जाऊ देऊन वाचा. त्यात ‘मॅडम’ कुठेच नाहीत.

आता पोचेबद्दल. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कार्यालयात मेल नव्हता. परिपत्रक निघायचं, टंकलेखन व्हायचं, आणि शिपाई ते एका लांबोड्या वहीत खोचून टेबलाटेबलावर फिरवायचा. वाचायचं आणि नावापुढे सही करायची. सही झाली की वही पुढच्या टेबलावर. एकदा एका परिपत्रकात छापलं होतं की सर्वांनी आपली माहिती ३१ जूनपर्यंत सादर करावी. वही सगळीकडे फिरून आली. सत्तावीस सह्या होत्या. सत्ताविसांत माझीही होती. चूक पकडली ती वही नेणाऱ्या शिपायाने. तो म्हणाला, ‘बाई, जूनला एकतीस तारीख असते का हो?’

तुमच्या साहेबांना जी पोच हवी आहे ती ही अशीच येईल. १७० पैकी १७० जण ‘नोटेड’ लिहितील. बरेच जण तर मोबाइलवर मेल न वाचताच लिहितील, कारण आता मेल प्रोग्रामच खाली तयार उत्तरं सुचवतो, बोट टेकवलं की झालं. रीड रिसीटचं, म्हणजे मेल उघडल्याची जी पोच मेल प्रोग्रामच धाडतो तिचंही तेच. मागितली तरी द्यायची की नाही हे बहुधा समोरच्याच्या हाती असतं, आणि मिळाली तरी मेल उघडला एवढंच कळतं. म्हणजे आज तुम्हाला निदान एवढं तरी समजतंय की लोक वाचत नाहीत. सक्तीची पोच आली की तेही समजेनासं होईल, आणि तुमच्याकडे १७० हिरव्या खुणांचा एक सुरेख तक्ता असेल. तिसऱ्या पाळीहून सकाळी घरी जाऊन झोपलेल्या माणसाला २४ तासांचा हिशेब कसा लावायचा, तो प्रश्न वेगळाच.

माणसं गप्प का बसतात, याची तुम्ही एकच शक्यता धरली आहे : त्यांना माझी किंमत नाही. पण गप्प बसण्याचे प्रकार बरेच आहेत. काहींना विषय कळला आणि पटला, मग लिहायचं काय? काहींना वाटतं, हे माझ्यासाठी नाहीच. काहींना कळलेलंच नाही आणि विचारायची लाज वाटते. काहींना वाटतं, उत्तर कुणीतरी दिलंच असेल. १७० नावांच्या यादीत आपल्यावाचून काय अडलंय. आणि काही जण एकदा बोलून बसलेले असतात. या शेवटच्यांची मला खरी काळजी वाटते.

तुमचं सर्वेक्षणच घ्या. फॉर्म उघडल्यावर वर स्वतःचा मेल आयडी दिसत होता का? दिसत असेल, तर खाली ‘आपली उत्तरं गोपनीय राहतील’ असं कितीही ठळक लिहा, माणूस तो आयडीच बघतो. आयडी नसेल, पण विभाग, वय, स्त्री की पुरुष आणि नोकरीची वर्षं विचारली असतील, तरी तेच. क्वालिटी विभागात पंचेचाळिशीच्या पुढची बाई एकच असेल तर तिच्या उत्तरावर नाव लिहायची गरज उरत नाही. तिला हे तुमच्याआधी कळलेलं असतं. म्हणून ती ‘समाधानी’ लिहिते. ती खोटं बोलत नाहीये, ती नोकरी सांभाळतेय.

आणि मागच्या सर्वेक्षणाचं पुढे काय झालं? त्यातून काय निघालं, काय करायचं ठरलं, काय जमणार नाही, हे लोकांना कुणी सांगितलं का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. तुम्ही सोडून दिला असेल, पण मला वाटतं की ते सांगितलंच गेलं नसावं. आपण विचारतो, लोक मनापासून लिहितात, आणि ते लिहिलेलं कुठल्याशा एक्सेलच्या पोटात गडप होतं. एकदा झालं की पुरे. पुढच्या वेळी त्याच माणसाला तुम्ही ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवा की कडक, तो हलत नाही. मेलची भाषा कशी आहे यापेक्षा, मागच्या वेळी बोललेल्याच्या बोलण्याचं काय झालं हेच त्याच्या लक्षात राहिलेलं असतं.

म्हणूनच काकांच्या मेमोचा प्रश्न हा तुमच्या पहिल्या प्रश्नापासून वेगळा नाही. तुम्ही दोन अडचणी लिहिल्यात, मला ती एकच दिसते. कारखान्यात वर्षातून एखादा माणूस मेलवर खरं बोलला. आता त्याचं काय होतं, हे उरलेले १६९ जण बघताहेत. आयडी नसलेले २६० जणही बघताहेत, त्यांना तो मेल कधीच कुणीतरी फोनवर दाखवलेला आहे. मेमो गेला, तर पुढच्या सर्वेक्षणाचा निकाल तुम्ही आजच टाइप करून ठेवलात तरी चालेल.

मग काका बरोबर होते का? पूर्ण नाही. म्हणणं बरोबर, चव्हाटा चुकला. बस उशिरा सुटते हे त्यांनी तुम्हाला किंवा अ‍ॅडमिनला एकट्याला लिहायला हवं होतं. पण जरा थांबा. त्यांनी आधी तसं लिहिलं नव्हतं कशावरून? तुमच्या जुन्या मेलमध्ये, अ‍ॅडमिनच्या मेलमध्ये, बसच्या ड्रायव्हरजवळच्या वहीत एकदा शोधा. सरळ साधा माणूस थेट सगळ्यांसमोर बोलतो, तेव्हा पुष्कळदा तो आधी दोन-तीन दारं ठोठावून आलेला असतो.

त्यांच्या मेलनंतर जी त्रेचाळीसची रांग लागली, तिचं पाप तर त्यांच्या माथी मारूच नका. हे जगभर घडतं आणि शहाण्यासुरत्या ठिकाणी घडतं. १९९७ च्या ऑक्टोबरात खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये, म्हणजे मेलचे प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीत, हेच झालं. ‘बेडलॅम डीएल३’ नावाच्या एका यादीत सुमारे १३ हजार पत्ते होते. एकाने सगळ्यांना विचारलं, मी या यादीत का आहे, मला काढा. मग ‘मलाही काढा’ची रीघ लागली. मग ‘अरे, सगळ्यांना उत्तर पाठवू नका’ असं सगळ्यांना सांगणारे शहाणे आले. दीड कोटीच्या आसपास संदेश झाले, यंत्रणा आडवी झाली. पुढे तिथल्या लोकांनी ‘मी बेडलॅममधून वाचलो’ असे टी-शर्ट छापून घेतले. २०१६ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार जणांना गेला, तिथे तर सव्वा तासात ५० कोटी मेल फिरले. त्यापुढे तुमचे ४३ म्हणजे किरकोळच. साहेबांना हे सांगाच, त्यांचा पारा थोडा उतरेल.

शिवाय हे थोपवायचा उपाय मेमो नाही, तो आयटीवाल्याच्या टेबलावर आहे आणि पाच मिनिटांचा आहे. सगळ्यांना मेल पाठवताना ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता घाला आणि सगळ्यांची यादी ‘बीसीसी’मध्ये, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या पत्त्यांच्या रकान्यात. मग कुणी ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी उत्तर फक्त तुमच्याकडेच येतं. नाहीतर त्या यादीवर कुणाला मेल पाठवता येईल हेच ठरवून टाकायचं : एचआर, अ‍ॅडमिन, प्लांट हेड, एवढेच. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये अशी वावटळ आपोआप थांबवणारी सोय काढली, पण ती मुळात पाच हजारांहून मोठ्या याद्यांसाठी बेतलेली होती. तुमच्या १७० जणांसाठी बीसीसी पुरे.

पण एक वाट बुजवताना दुसरी उघडायची, हे विसरू नका. काकांनी ज्या जागी तक्रार केली ती जागा तुम्ही बंद करणार असाल, तर त्याच मेलच्या तळाशी लिहा की बसबद्दल काही सांगायचं असेल तर अमुक माणसाला, अमुक नंबरवर, आणि उत्तर अमुक दिवसांत मिळेल. आणि मग ते द्या.

आता त्या विषयओळीकडे येते. ‘फॉर युवर काइंड इन्फर्मेशन’. तुम्हीच सांगितलंत की हे फक्त माहितीसाठी आहे, आणि लोकांनी माहिती म्हणून घेतलं. मग उत्तर आलं नाही म्हणून रुसायचं कशाला? आपल्या जुन्या कचेऱ्यांत या बाबतीत मोठी शिस्त होती. पत्राच्या खाली प्रती कुणाकुणाला गेल्या हे लिहायचे, आणि प्रत्येक नावापुढे ती प्रत कशासाठी तेही. एकाला ‘माहितीस्तव’, दुसऱ्याला ‘पुढील कार्यवाहीसाठी’. ज्याच्या नावापुढे ‘माहितीस्तव’ तो वाचून फायलीत लावणार. ज्याच्यापुढे ‘कार्यवाहीसाठी’ त्याच्या मागे आठ दिवसांनी स्मरणपत्र लागणार. मेलमध्ये ‘सीसी’ आली ती कार्बन लावून काढलेल्या प्रतीवरूनच, पण येताना हा खुलासा मात्र गळून पडला. आता सगळ्यांना सगळंच जातं, आणि कुणी काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

तो खुलासा परत आणा. विषयओळीच्या सुरुवातीलाच लिहा : ‘माहितीसाठी’, किंवा ‘उत्तर हवं : १४ तारखेपर्यंत’, किंवा ‘सही हवी’. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही सगळ्यांना पाठवलेले मेल काढून बसा आणि असे तीन ढीग करा. माझा अंदाज आहे की ‘उत्तर हवं’ आणि ‘सही हवी’ मिळून मूठभरच निघतील. मेडिक्लेममध्ये कुटुंबातल्यांची नावं, वारसाची नोंद, सुरक्षेचे नियम, असंच काहीसं. पोचेची सक्ती करायचीच तर तेवढ्यांवर करा. साहेबांपुढे नेताना ‘तुमची कल्पना चुकीची आहे’ म्हणू नका. म्हणा, ‘सर, जिथे पोच खरंच लागते अशा या पाच गोष्टी. यांना शंभर टक्के पोच मी आणून देते. बाकीच्यांना पोच मागितली तर या पाचही त्या गर्दीत हरवतील.’ साहेब लोकांना आकडा आणि जबाबदारी घेणारा माणूस, दोन्ही एकदम मिळालं तर ते पुष्कळदा ऐकतात. नेहमी नाही. पुष्कळदा.

जाता जाता एक. शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी एक मुद्रा उमटवलेली असे. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घुसडू नये. आपल्या मेलना ती मर्यादा अजिबात नाही. खाली सही, हुद्दा, तीन फोन नंबर, कंपनीचं घोषवाक्य, झाडं वाचवायची विनंती, वकिलाने लिहून दिलेला दहा ओळींचा इशारा, आणि त्याखाली आधीचे सतरा मेल शेपटीसारखे. मधे कुठेतरी बसची नवी वेळ. मोबाइलच्या पडद्यावर पहिल्या चार ओळींत जे दिसत नाही ते पाठवलेलंच नाही, असं समजून लिहून बघा.

आणि भाषा. पत्र तुम्ही मला इतकं छान मराठीत लिहिलंत, मग बसचा मेल इंग्रजीत का? ‘कंपनीची पद्धत आहे’ असं म्हणाल. इंजिनीअर मंडळींना इंग्रजी समजतं, कबूल. पण समजणं आणि त्यात उत्तर देणं यात फार अंतर आहे. शुद्धलेखन चुकेल, ग्रामर चुकेल, मॅडम हसतील, साहेब फॉरवर्ड करतील. त्यापेक्षा ‘नोटेड’ बरं. नीट बघा, काकांची ती ओळ मराठीत आहे, आणि म्हणूनच ती ओळ आहे. तुमच्या मेलच्या इंग्रजीत त्यांना ती लिहायला सांगितली असती तर ते कुणालाच काही बोलले नसते, आणि बस उशिरा सुटतच राहिली असती. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही, त्या कायद्याखाली लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत असाव्यात आणि मुख्य प्रवेशद्वाराजवळ लावाव्यात, असं १०८ व्या कलमात लिहिलेलं होतं. तेव्हा मेल नव्हता, पण कळवणं म्हणजे समोरच्याला कळणं, एवढं कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात स्पष्ट होतं.

त्या २६० जणांचं काय, हे तुमच्या पत्रात एका शब्दानेही नाही. पहिल्या पाळीच्या बसमध्ये बसणारे बहुतेक तर तेच असणार! त्यांना नवी वेळ कुणी सांगितली? बहुधा १७० पैकी कुणीतरी, व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्धी चुकीची. बस, पाळी, कॅन्टीन, पगाराची तारीख या गोष्टी मेलच्या नाहीतच. त्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावायच्या आणि पाळी सुरू होताना लाइन लीडर जे पाच मिनिटं बोलतो, त्यात सांगायच्या. तिथे उत्तरही जागच्या जागी मिळतं. कुणी म्हणेल, ‘मॅडम, पावणेसहाला आमच्याकडे नळाला पाणी येतं, तेव्हाच घर सोडायचं?’ हे वाक्य सर्वेक्षणाच्या कुठल्याच चौकोनात मावत नाही.

आणि ते वेळ ठरवायच्या आधी ऐकलं असतं तर? सगळं ठरल्यावर मेल गेला की लोकांना बोलायला काहीच उरत नाही, मग ते जुनं साचलेलं काढतात. पुढच्या वेळी वेळ बदलायची झाली तर आठ दिवस आधी फक्त एवढंच विचारा : पावणेसहाला कुणाची अडचण होईल, का, आणि कितीला जमेल. उत्तरांमुळे वेळ बदलेलच असं नाही. नाही बदलली तर का नाही, ते दोन ओळींत कळवा.

आता मेमो. तुमच्यासमोर चार वाटा दिसतात. गुपचूप सही करून मेमो द्यायचा. सरळ नकार द्यायचा. ‘करते, करते’ म्हणत दिवस ढकलायचे. किंवा साहेबांना दुसरं काही सुचवायचं. पहिलीबद्दल बोलले. नकाराची वाट मला तत्त्वाने आवडते, पण घरभाडं तुम्हाला भरायचं आहे, मला नाही, तेव्हा तो सल्ला मी लांबून देणार नाही. ढकलाढकली करू नका. त्याने मेमो टळत नाही, आणि तुमचं नाव मात्र ‘काम टाळणारी’ म्हणून होतं. उरली चौथी.

साहेबांना आधी तोंडी भेटा, मेलवर हा विषय काढूच नका. हातात तीन कागद असू द्या. बस गेल्या महिन्यात किती दिवस किती मिनिटं उशिरा सुटली, गेटवरच्या नोंदीत मिळेल. काकांची नोकरी किती वर्षांची आणि आधी त्यांना कधी मेमो मिळाला आहे का, ते तुमच्या फायलीतच आहे. तिसरा, बीसीसीचा बदल आजच केला, म्हणजे हे पुन्हा होणार नाही. आणि मग मागा : मेमोऐवजी तोंडी समज. मी स्वतः बोलते. बोलायचं तेही दोन्ही बाजूंनी. त्यांना सांगा की सगळ्यांना उत्तर नको होतं, आणि बसचं म्हणणं खरं होतं, त्यावर हे हे चाललंय. तुमचे प्लांट हेड चिडले ते बसमुळे की आपल्या फोनवर ४३ वेळा टिंग वाजल्यामुळे, हे तुम्हालाच ओळखता येईल. दुसरं असेल तर राग एव्हाना निवलाही असेल.

तरीही ते मेमोवर अडले, तर तुमचं वेगळं मत त्यांना एकट्यांना, चार ओळींत, मेलवर नोंदवून ठेवा. आरोप नाहीत, विशेषणं नाहीत, फक्त वस्तुस्थिती आणि तुमची शिफारस. त्यानंतर मसुदा करावाच लागला तर त्यात घडलं तेवढंच लिहा. ‘कंपनीची बदनामी’, ‘चिथावणी’ असले शब्द कुणी घालायला लावले, तर त्या शब्दांवर मात्र अडून बसा. मेमो माणसाच्या फायलीत राहतो, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाची फाइल शेवटी कोण कसं वाचेल ते सांगता येत नाही. आणि देणारच असाल तर हातात द्या, समोर बसून. मेलवर पाठवू नका. तेवढं त्यांचं देणं आहे, त्यांनीही शॉप फ्लोअर पीपीटीवर दाखवला नव्हता.

हे सदर काकांच्या बाजूचे लोकही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. सगळ्यांना आलेल्या मेलला सगळ्यांना उत्तर देण्याआधी स्वतःला विचारा, हे मी कॅन्टीनमध्ये उभं राहून मोठ्याने म्हणेन का? म्हणणार असाल तर खुशाल पाठवा, पण मग त्याची तयारीही ठेवा. रागात लिहिलेलं उत्तर मसुद्यात टाकून एक पाळी जाऊ द्या. जीमेलवर पाठवलेला मेल परत घ्यायला मुदत मिळते ती जास्तीत जास्त ३० सेकंदांची, आणि राग त्यापेक्षा बराच टिकतो. मेल फक्त माहितीचा असेल तर ‘नोटेड’ न लिहिणं ही उद्धटाई नाही. आणि तक्रार खरी असेल तर तारीख, वेळ आणि आकडा घालून एकाच योग्य माणसाला लिहा, आठ दिवसांनी त्याच मेलवर आठवण करा. ‘बस नेहमी उशिरा सुटते’ या वाक्याचं कुणी काही करू शकत नाही. ‘३, ५ आणि ९ तारखेला बस वीस मिनिटं उशिरा सुटली’ याला उत्तर द्यावंच लागतं.

तुमच्याकडे परत येते. साहेबांकडे न्यायचा तो पहिला कागद गेटवरच्या नोंदीतून मिळेल असं मी लिहिलं खरं, पण गेटवर बस पोचल्याची वेळ असते, पहिल्या थांब्यावरून सुटल्याची नाही. तेव्हा पुढच्या आठवड्यात एक दिवस लवकर उठा आणि पहिल्या थांब्यावर साडेपाचलाच जाऊन उभ्या राहा. एचआरच्या मॅडम बसला आल्या म्हणून आधी सगळे गप्प होतील. मग कुणीतरी चहा सांगेल, आणि तुम्हाला तीन महिन्यांच्या मेलची उत्तरं तिथेच मिळायला लागतील. काका त्याच बसला असतात का, ते काही तुम्ही लिहिलं नाहीत. असले, तर बोलणं तिथेच होऊन जाईल. आणि घड्याळात बघून बस किती वाजून किती मिनिटांनी हलली, ते लिहून घ्या.